क्लेरिकने देव बदलला तर?

प्रश्न : डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये क्लेरिक मध्येच दुसऱ्या देवाचा भक्त झाला, तर त्याच्या मंत्रांचे काय होते?

उत्तर : क्लेरिकची मंत्रशक्ती देवाकडून येते, त्यामुळे धर्मांतराचा परिणाम थेट पात्राच्या नोंदपत्रकावर होतो. 2003 च्या 3.5 आवृत्तीचा नियम कडक आहे. देवाच्या आचारसंहितेचा घोर भंग करणारा क्लेरिक सगळे मंत्र गमावतो. चिलखत, ढाल आणि साधी शस्त्रे वापरण्याचे कौशल्य तेवढे उरते. त्याच देवाकडे परतायचे, तर ‘अटोनमेंट’ हा पाचव्या पातळीचा प्रायश्चित्ताचा मंत्र लागतो.

समजा, सूर्यदेव पेलॉरचा सज्जन क्लेरिक मृत्युदेव नेरलकडे वळला आणि स्वतःही दुष्ट झाला. ‘हीलिंग’ आणि ‘सन’ ही क्षेत्रे जातात, ‘डेथ’ आणि ‘ट्रिकरी’ येतात. आयत्या वेळी जखमा भरणारे मंत्र म्हणता येत असत, तिथे आता इजा करणारे येतात. ज्या अनडेडना तो पळवून लावत असे, त्यांच्यावर तो हुकूम चालवू लागतो. म्हणजे अख्ख्या गटाचा वैद्यच गेला! असा निर्णय सर्व खेळाडूंशी आधी बोलूनच व्हायला हवा.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत शपथ मोडणाऱ्या पॅलाडिनसाठी ‘ओथब्रेकर’ हा पर्याय आहे. क्लेरिकचे मात्र डंजन मास्टरने ठरवायचे. सर्व शक्ती एकदम काढून घेतल्यास खेळाडू नुसता बसून राहतो. त्यापेक्षा जुने मंत्र एकेक करून निकामी व्हावेत आणि नव्या देवाने एखादी कामगिरी सोपवून नवे द्यावेत.