सहलीस निघण्यापूर्वी

मे २०२४ मध्ये आम्ही बेळगावहून खोपोलीच्या इमॅजिका उद्यानास गेलो. प्रवास दिवसभराचा. मोटारीत गडबड नको म्हणून आम्हीच मुलांच्या हाती मोबाइल दिला. दुसऱ्या दिवशी पाळण्यांच्या रांगेत तो काढून घेऊ लागलो, तेव्हा रडारड झाली. दोष कोणाचा म्हणावा?

दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ पडद्यापुढे बसू नये, त्याहून कमी तर उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. मोठ्या मुलांचा वेळ ज्याने त्याने घरी ठरवावा. पण निघण्यापूर्वीच, मुलांना समोर बसवून. रांगेत उभे राहून केलेला नियम मुलांना शिक्षाच वाटते.

खरी अडचण रांगेचीच. ऊन, गर्दी आणि पाळणा दोन मिनिटांचा! तेथे कोडी घालावी, भेंड्या लावाव्या, गोष्ट अर्धी सांगून पुढच्या रांगेसाठी राखावी. रविवारच्या शाळेतील शिक्षकांना ही युक्ती नवी नाही.

आमच्या धाकट्याने मात्र विचारले, “बाबा, तुमचा फोन कोण ठेवणार?” मग आम्हा दोघांचेही फोन पिशवीत गेले. फोटो चारच निघाले.