बोरिंगचं पाणी येतं कुठून? शोधाचा खर्च, पायरीपायरीने

एखाद्या बोरिंगचं पाणी हापसताना नितळ दिसतं, पण गुंडात तासभर राहिलं की तांबूस होतं, चहा काळा पडतो. हे बहुधा लोह. पण पाणी मुळात कुठलं: नाल्याचं, यंदाच्या पावसाचं की खोल खडकातल्या भेगांचं? हेमलकसा-भामरागड भागात नवी बोरिंग खोदण्याआधी ग्रामपंचायतीने हे विचारायलाच हवं.

पहिली पायरी: शून्य रुपये
महिन्यातून एकदा दोर सोडून विहिरीची पातळी मोजा आणि वहीत लिहा. पर्लकोटा नदीला पूर आल्यावर किती दिवसांनी विहीर चढली, तेही लिहा. ही वही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात दाखवा.

दुसरी: सुमारे 3,600 रुपये
जलजीवन मिशनच्या 2021च्या सूचनांत सोळा घटकांच्या तपासणीचा दर सुमारे 600 रुपये होता. आजचा दर प्रयोगशाळेत विचारा. बोरिंग, विहीर, नाला यांचे नमुने मे आणि ऑक्टोबरमध्ये घेतले की सहा होतात. सोडियम-पोटॅशियम वेगळं सांगून तपासून घ्या. उथळ, ताज्या पाण्यात सहसा कॅल्शियम जास्त असतं. खडकात बराच काळ राहिलेल्या पाण्यात सोडियम वाढतं, फ्लोराइडही चढू शकतं. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला वापरू नका.

तिसरी: नमुन्यामागे हजारांत
वरच्या दोन पायऱ्यांनी उत्तर मिळालं नाही तरच पाण्यातले समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, तपासा. उन्हात हलके रेणू आधी उडतात, म्हणून साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन-18 आणि ड्युटेरियमचं प्रमाण वाढतं. तीच खूण बोरिंगमध्ये दिसली, तर तिथे तळ्या-नाल्याचं पाणी झिरपत असावं. पावसाबरोबर येणारं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं. ते जवळजवळ नसेलच तर पाणी जुनं, आणि उपसा जपून करायला हवा. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था या विषयात काम करतात. भूजल यंत्रणेमार्फत विचारा. दर लेखी घ्या.

बाटली भरताना
बोरिंग आधी पाच-दहा मिनिटं हापसा. ऑक्सिजन-ड्युटेरियमसाठी 60 मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरा, उलटी करून बुडबुडा दिसतो का बघा. दिसला तर पुन्हा भरा: आत हवा राहिली की बाष्पीभवन होतं आणि निकाल चुकतो.

समस्थानिक पाण्याचं गाव सांगतात, ते पिण्याजोगं आहे की नाही हे सांगत नाहीत. म्हणून पैसा एकाच तपासणीपुरता असेल, तर शाळेच्या बोरिंगची रासायनिक आणि जंतूंची तपासणी आधी करा.