मासवडी जमत नाही? चला, टप्प्याटप्प्याने शिकू या



गटांच्या बैठकांना फिरताना मी एक प्रश्न विचारत असते. "स्वयंपाकातलं असं काय आहे, जे अजून मनासारखं जमत नाही आणि शिकायचंय?" कोणी पुरणपोळी म्हणतं, कोणी नाचणीची नानकटाई, कोणी कुकरमधला केक. पण आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात एक नाव हमखास येतं, ते म्हणजे मासवडी.

हे नाव सांगताना बऱ्याच जणी थोड्या ओशाळतात. कारण मासवडी ही आपल्या भागाची ओळख. माळकरी घरात पाहुण्याला मटणाच्या तोडीचं काय वाढायचं, तर मासवडी, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. नाव मासवडी, पण त्यात मासा नाही. बेसनात सारण भरून केलेल्या वळकटीची कापं माशाच्या तुकड्यासारखी दिसतात, म्हणून हे नाव. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर हे नाव दिसतं. भीमाशंकर, ओझर, लेण्याद्री, शिवनेरीला येणारी माणसं ती विचारत येतात. म्हणजे गिऱ्हाईक आपल्या दारावरून जातंय.

आणि तरीही किती गटांत मासवडीची ऑर्डर बिनधास्त घेता येते? बहुतेक ठिकाणी चित्र असं असतं. दहा जणींच्या गटात एखाद्या मावशी किंवा काकू पक्क्या तयार असतात. ऑर्डर आली की सगळा भार त्यांच्यावर. त्या लेकीकडे गेल्या, आजारी पडल्या, किंवा वयानुसार हात दुखायला लागले, की ऑर्डर नाकारावी लागते. बाकीच्या नऊ जणी कांदा चिरतात, भांडी घासतात, पण बेसनाच्या कढईजवळ जात नाहीत. का? तर "त्यांच्या हाताला चव आहे, आपल्याला नाही जमायचं."

हे वाक्य गटाचं नुकसान करतं. हाताला चव असते हे खरं आहे, पण त्या हातानं वर्षानुवर्षं ठरावीक गोष्टी ठरावीक वेळी केलेल्या असतात. त्या गोष्टी बघून, मोजून, लिहून काढल्या तर दुसरीलाही येतात. आपल्यातल्या कितीतरी जणी गटात आल्या तेव्हा कर्जाचं व्याज काढायला घाबरत होत्या. आज त्याच इतिवृत्त लिहितात, बँकेत बोलतात. मासवडीही तशीच शिकता येते.

आधी एक गुपित समजून घ्या

मासवडीची अर्धी विद्या एका ओळीत आहे: पसरायचं गरम, कापायचं गार.

बेसन पाण्यात शिजलं की त्यातला पिठूळ अंश पाणी शोषून फुगतो आणि मऊ लगदा तयार होतो. हा लगदा गरम असेपर्यंत आपण म्हणू तसा वळतो. गार होत गेला की घट्ट बसतो. गरम असताना पसरलं नाही तर वळताना तडे जातात. गार व्हायच्या आत कापलं तर वडी चुरते. मासवडी बिघडते ती बहुतेक वेळा या दोन ठिकाणी. म्हणून घाई कुठे करायची आणि थांबायचं कुठे, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

साहित्य (साधारण चार माणसांना)

सारणासाठी: अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, एक मोठा चमचा खसखस, दोन मध्यम कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, घरचा काळा मसाला, तिखट, मीठ.

बेसनासाठी: एक वाटी बेसन, दीड ते पावणेदोन वाटी पाणी, दोन चमचे तेल, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, हिंग, मीठ.

पाणी नेमकं किती, हे पिठावर ठरतं. गिरणीतून दळून आणलेलं जाडसर पीठ आणि पुड्यातलं बारीक बेसन यांना पाणी सारखं लागत नाही. म्हणून गटानं एकच वाटी आणि एकाच प्रकारचं पीठ ठरवावं, आणि कोणतं माप जमलं ते वहीत लिहावं. "अंदाजानं घाला" हे ज्यांना येतं त्यांच्यासाठी ठीक आहे. शिकणारीला माप लागतं.

टप्पा १: सारण कोरडं ठेवा

तीळ, खोबरं, खसखस वेगवेगळं भाजा. तिन्हींना लागणारा वेळ वेगळा असतो. एकत्र भाजलं तर खसखस करपते आणि तीळ कच्चे राहतात. कांदा उभा पातळ चिरून थोड्या तेलावर लालसर होईपर्यंत परता आणि पूर्ण गार होऊ द्या. मग सगळं भरडसर वाटा. तीळ-खोबरं जास्त वाटलं की तेल सुटून गोळा होतो आणि असं सारण बेसनाला धरत नाही. हातात घेतल्यावर सारण मोकळं राहिलं पाहिजे. कोथिंबीर धुऊन, कोरडी करूनच घाला.

टप्पा २: बेसन शिजवायच्या आधी सगळी मांडणी करा

एक सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि परातीत किंवा पोळपाटावर पसरा. बाजूला पाण्याची वाटी, सारणाचं ताट आणि उलथणं ठेवा. ही मांडणी झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. बेसन शिजल्यावर फडकं शोधायला गेलात की तेवढ्यात बेसन आळलंच म्हणून समजा.

टप्पा ३: बेसन हाटणं

जाणत्या बायका उकळत्या पाण्यात कोरडं पीठ एका हातानं सोडतात आणि दुसऱ्या हातानं हाटतात. शिकताना तसं करू नका. उकळतं पाणी लागल्याबरोबर पिठाच्या गोळ्याची बाहेरची बाजू शिजते, आतलं पीठ कोरडंच राहतं. हीच ती गुठळी. त्यापेक्षा निम्म्या गार पाण्यात बेसन आधी कालवून घ्या. उरलेल्या निम्म्या पाण्याला फोडणी, वाटण, हळद, मीठ घालून उकळी आणा. मग आच मंद करून कालवलेलं बेसन धारेनं ओता आणि हात न थांबवता हाटत राहा.

गोळा घट्ट व्हायला लागला की झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं वाफ द्या. मध्ये एकदा झाकण काढून हलवा. झालं हे कसं ओळखायचं? गोळा कढईची कड सोडतो, पिठाचा कच्चा वास जातो, आणि ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. या तीन खुणा दिसल्याशिवाय उतरवू नका.

टप्पा ४: पसरणं आणि वळणं

इथे घाई करायची. फडक्यावर थोडं सारण भुरभुरा, त्यावर निम्मा गोळा टाका. उरलेला कढईत झाकून ठेवा. हात पाण्यात बुडवून, किंवा ओल्या उलथण्यानं, भाकरीएवढ्या जाडीचा थापा. कडा पातळ करू नका, तिथूनच वडी उलते. वर सारण पसरा, पण चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडा. सारण हातानं हलकं दाबा.

आता फडक्याचं टोक उचला आणि फडक्याच्याच मदतीनं वळकटी करा. वळकटीला बोटं लावली की चटका बसतो आणि भोकही पडतं. वळून झाल्यावर कडा ओल्या बोटानं चिकटवा आणि फडक्यावरूनच दाबून वरून निमुळता आकार द्या.

तडा गेला तर घाबरू नका. पाण्याचं बोट फिरवून बुजवता येतो. मोठे तडे जात असतील तर पाणी कमी पडलंय किंवा बेसन गार झालंय. पुढच्या वेळी दोन चमचे पाणी वाढवा आणि तेही लिहून ठेवा.

टप्पा ५: थांबा, मग कापा

वळकटी पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. पाहुणे ताटावर बसलेत म्हणून गरम कापली की सगळं सारण बाहेर. सुरीला तेल लावा आणि एका दाबात कापा, करवतीसारखी मागेपुढे करू नका. जाड दोऱ्यानंही छान काप पडतात.

कढईला चिकटलेल्या बेसनात पाणी घालून खरवडून ते रश्श्यात टाका. रस्सा दाट होतो आणि काही वायाही जात नाही. वड्या मात्र रश्श्यात आधीपासून टाकून ठेवू नका, त्या मऊ पडून फुटतात. ताटात वड्या वेगळ्या आणि रस्सा वेगळा. भाकरीसाठी बाजरीचं पीठ थोडं थोडं दळून आणा, कारण ते लवकर कडवट होतं.

गटात कसं शिकायचं?

घरी एकटीनं शिकताना एक भीती असते: सामान वाया गेलं तर सासूबाई काय म्हणतील, घरातले काय म्हणतील. ही भीती खरी आहे. कितीतरी जणींनी याच भीतीनं पुन्हा प्रयत्न केलेला नाही. म्हणून गटात शिका. अर्धी वाटी बेसनावर सराव करा आणि सामानाचा खर्च वाटून घ्या. फुटलेल्या वड्याही रश्श्याबरोबर चांगल्या लागतात, त्या तिथेच खाऊन टाका.

जोडीनं काम करा. एकीनं बेसन हाटायचं, दुसरीनं पसरायचं. पुढच्या वेळी कामं बदला. तिसरीनं बघून वहीत माप आणि वेळ लिहायची.

ज्या मावशींना येतं, त्यांना शिकवायला बोलवा. त्यांच्याशी बोलताना "कसं करता?" एवढंच विचारून भागत नाही, कारण त्यांच्या हातांना सवय झालेली असते. त्यांनी मुठीनं पीठ घेतलं की ते वाटीत ओतून मोजा. त्यांनी "झालं आता" म्हटलं की थांबवून विचारा, "मावशी, काय बघून म्हणालात?" आणि एक विनंती: त्यांना गटातून मानधन द्या, रक्कम थोडी असली तरी. बाहेरच्या प्रशिक्षकाला आपण पैसे देतो. मावशींनी आयुष्यभर कमावलेलं ज्ञान फुकट का घ्यायचं? त्यांनाही वाटलं पाहिजे की शिकवल्यानं आपला मान वाढतोय, आपलं काम कोणी हिरावून घेत नाहीये.

ऑर्डर घ्यायची तर हिशोब

खालचे आकडे फक्त हिशोब शिकण्यासाठी आहेत. तुमच्या बाजारभावाप्रमाणे ते बदला. समजा दहा ताटांची ऑर्डर आहे.

सामान: ३५० रुपये
गॅस: ४० रुपये
डबे, पिशव्या: ६० रुपये
पोहोचवण्याचा खर्च: ५० रुपये
दोघींची मजुरी, प्रत्येकी ३ तास, तासाला ५० रुपये: ३०० रुपये
एकूण: ८०० रुपये, म्हणजे एका ताटाला ८० रुपये.

८० रुपयांना विकलं तर मजुरी सुटेल, पण गटाला काही उरणार नाही. १०० रुपयांना विकलं तर २०० रुपये गटाचे. मजुरी धरली नसती तर खर्च ५० रुपये दिसला असता आणि ६० रुपयांना विकून आपण खूश झालो असतो. आपल्या कष्टाची किंमत आपणच आधी वहीत लिहायला पाहिजे.

अजून दोन गोष्टी. मासवडी ओली असते, त्यात कांदा-खोबरं असतं, म्हणून ती टिकत नाही. त्याच दिवशी करा, त्याच दिवशी द्या, उन्हाळ्यात तर जास्तच जपा. आणि खाद्यपदार्थ नियमित विकायचे असतील तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो हाताशी असला की मोठी ऑर्डर घेताना किंवा प्रदर्शनात स्टॉल लावताना अडत नाही.

हीच पद्धत दुसरीकडेही चालते

पुरणपोळी फुटते? बहुतेक वेळा पुरण ओलं राहिलेलं असतं. आटवताना पुरणात चमचा उभा राहतो का बघा. नाचणीची नानकटाई तुटते? नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. सुरुवातीला थोडं गव्हाचं पीठ मिसळा आणि भाजल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय उचलू नका. कुठलाही पदार्थ असो, तो नेमका कोणत्या पायरीवर बिघडतो हे शोधायचं आणि तेवढी एक पायरी सुधारायची.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात असा कोणता पदार्थ आहे, जो एकीलाच येतो?
२. तो शिकायला आणखी कोणत्या दोघी तयार आहेत?
३. शिकवणाऱ्या ताईंना मानधन किती द्यायचं?
४. मापाची वाटी कोणती आणि वही कोणाकडे?

चारही उत्तरं इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्यात मी गटात येईन तेव्हा वही बघायला मागणार आहे. आणि हो, तडा गेलेली का असेना, मासवडी खायला मी थांबणार आहे!

आपली,
क्षेत्र समन्वयक, मंचर