हौदातले किडे

आमच्या गावी देवळापुढे एक हौद आहे. त्यात कमळे आहेत. तांबडे, सोनेरी मासे आहेत. पोरंबाळं मासे पाहायला जमतात.

एका पावसाळ्यात गावात हिवताप आला. घरोघर माणसे अंथरुणाला खिळली. लोक म्हणाले, "या हौदातच डास होतात. हौद बुजवून टाका." आम्ही म्हणालो, "बुजवायचा तर बुजवू. पण आधी पाणी तरी पाहू या."

पांढऱ्या वाडग्यात आम्ही हौदाचं पाणी घेतलं. त्यात काय दिसलं? एक किडा उताणा पोहत होता. वल्ही मारावीत तसे पाय मारीत होता. तो हाती धरला तर चावतो. दुसरं होतं चतुराचं पिल्लू. पोरं ज्याच्या शेपटीला दोरा बांधतात, तोच हा चतुर. त्याची पिल्लं पाण्यातच वाढतात. हे दोन्ही किडे शिकारी आहेत. ते डासांच्या अळ्या खातात. चतुराचं मोठं पिल्लू एखादा बारीक मासाही धरतं. पण त्यांच्यापासून माणसाला रोग होत नाही.

आणि डासांच्या अळ्या? मोकळ्या पाण्यात एकही दिसली नाही. मासे त्यांना शिल्लक ठेवीत नाहीत. एका कोपऱ्यात मात्र शेवाळ दाट माजलं होतं. तिथे माशांना शिरता येत नव्हतं. तिथे थोड्या अळ्या सापडल्या.

मग आम्ही घरोघर गेलो. पिंपं, रांजण, फुटके माठ, जुने टायर पाहिले. जिथे तिथे अळ्या वळवळत होत्या! चोर सोडून संन्याशाला सुळी, तसं होणार होतं.

हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात असतात. हे रोनाल्ड रॉस या डॉक्टरांनी १८९७ साली सिकंदराबादेस शोधून काढले. डासाची मादी साचल्या पाण्यात अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. अळीचा कोश होतो. कोशातून डास उडतो. उबदार हवेत हे सारं ७ ते १० दिवसांत होतं.

म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करावी. आतून नीट घासावी, कारण काही डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. मग ती कोरडी करून भरावी व झाकून ठेवावी. फुटकी भांडी उलटी करावी.

हौदातलं शेवाळ काढावं. पण हौदात कीड मारायचं औषध ओतू नये. त्याने मासे मरतात, चतुराची पिल्लंही मरतात. म्हणजे आपले राखणदारच आपण मारतो. मासे नसतील तर आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागावे. ते हौदात सोडावे. नदी-ओढ्यात सोडू नयेत, तिथल्या माशांना त्यांचा त्रास होतो. आणि ताप आला तर रक्त तपासून घ्यावं.

आमचा हौद बुजला नाही. आज त्यात कमळे फुलतात.

तुमच्या दारच्या पिंपात काय आहे? आजच वाकून पाहा.