ओली यंत्रे, उतावळे हात

चिपळूणकरांस पुराचे अप्रूप नाही. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी वसलेल्या, आणि भरतीने खाडीचे तोंड अडले म्हणजे पाण्यास निचऱ्याची वाटच न उरणाऱ्या या गावात, मुसळधार पावसाच्या रात्री तळमजल्यावरचे धान्य, अंथरुणे व दस्तऐवज माळ्यावर चढविण्याची तजवीज पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. परंतु २२ जुलै २०२१ रोजी बाजारपेठेत माणूस बुडेल इतके पाणी चढले, तेव्हा ध्यानात आले की त्या वडिलोपार्जित शहाणपणात लॅपटॉप, मोबाईल, इन्व्हर्टर या नव्या बिऱ्हाडकरूंची नोंदच नव्हती.

आमच्या घरातील दोन वस्तूंची कैफियत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. एक जुना लॅपटॉप, बॅटरी काढून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेला, पाणी ओसरेपर्यंत गढूळ पुरात बुडून राहिला. दुसरी वस्तू म्हणजे माझ्या पुतण्याचा मोबाईल. तो बुडाला नव्हता, जिन्यात उभे असता त्यावर पागोळ्यांची धार तेवढी पडली होती. लॅपटॉप कीबोर्ड व हार्ड डिस्क बदलल्यावर पुन्हा चालू झाला. मोबाईल मात्र त्याच संध्याकाळी कायमचा मिटला, कारण पडदा लुकलुकू लागताच, मुंबईच्या नातलगांना खुशाली कळविण्याच्या घाईत, पुतण्याने तो ओलाच पॉवर बँकेला जोडला. त्या घालमेलीत त्यास दोष देण्याचे मला धैर्य नाही. पण कारण समजून घेण्यासारखे आहे.

शुद्ध पाणी हे विजेचे फारच दुर्बळ वाहक होय. पावसाच्या वा पुराच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, आणि असे पाणी यंत्राच्या बोर्डावर पसरलेले असताना आत विद्युत्प्रवाह चालू राहिला, तर तांब्याच्या केसासारख्या बारीक वाटांमध्ये विद्युत्-विच्छेदन सुरू होते. एका वाटेवरचे तांबे विरघळून दुसऱ्या वाटेकडे सरकते, आणि जेथे जोड नको तेथे जोड निर्माण होऊन यंत्र ‘शॉर्ट’ होते. दुरुस्तीच्या दुकानात कारागिराने भिंगाखाली मला दाखविलेली हिरवट साय याच क्रियेची. वीज नसेल तर क्षारांचा हा उपद्रव फार मंदावतो. बॅटरीविना बुडालेल्या लॅपटॉपचे रहस्य एवढेच.

यास्तव भिजलेले यंत्र हाती येताच ते चालते की नाही, याची खातरजमा करण्याचा मोह प्रथम आवरावा. ते बंद करावे, बॅटरी निघण्यासारखी असल्यास काढावी, आवरण, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर घ्यावे, चार्जिंगचे तोंड खाली धरून हलकेच थोपटावे आणि पंख्याच्या वाऱ्यात निदान दोन दिवस स्वस्थ पडू द्यावे. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा पाण्याची वाफ करून ती अधिक खोल लोटते आणि सांध्यांचा डिंक सैल करते. तांदळाच्या डब्यात मोबाईल पुरण्याचा जो घरगुती उपचार सर्वत्र सांगितला जातो, तो मला कधीच पटला नाही. तांदूळ बाजूच्या हवेइतकेही काम करीत नाहीत, उलट त्यांचा भुसा भोकांत शिरतो. अ‍ॅपल कंपनीनेदेखील आपल्या ग्राहकांस हा उपाय करू नये असे कळविले आहे. शिवाय आषाढात कोकणातले तांदूळच सर्दावलेले असतात, ते दुसऱ्याचा ओलावा काय शोषणार!

चिखलाचे वा समुद्राचे पाणी शिरले असेल, तर मात्र नुसते वाळविणे घातक ठरते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पाणी उडून गेले तरी ते आतच राहतात. म्हणून वीज पूर्णपणे तोडलेली वस्तू आधी स्वच्छ पाण्याने धुवावी, हे ऐकावयास कितीही विपरीत वाटले तरी. आणि पुढे कारागिराकडून उघडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्यावी. हार्ड डिस्कचा न्याय आणखी निराळा. तीवरचा मजकूर मोलाचा असेल, तर ती वाळवूही नये आणि संगणकाला जोडूनही पाहू नये, कारण आत सुकलेला गाळ तबकडीला चिकटतो. आमची डिस्क आम्ही तशीच ओली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून पुण्याच्या एका जाणकाराकडे पोचविली, आणि वडिलांची बहुतेक छायाचित्रे परत मिळाली.

नवीन मोबाईलवर ‘आयपी ६८’ असा निर्देश असतो, त्यावरही विसंबू नये. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आणि पाण्याची ती परीक्षा नव्या यंत्राची, गोड्या, स्वच्छ पाण्यात घेतलेली असते. साबण, वाफ, समुद्र यांची हमी त्यात नाही, आणि रबरी सांधे वापराने झिजतात. आतील पांढरी पट्टी पाणी लागताच लाल होते. ती पाहून वॉरंटी नाकारली जाणे हा सामान्य अनुभव आहे.

पाणी चढण्याची वर्दी मिळताच घराचा मुख्य स्विच बंद करावा. इन्व्हर्टर व त्याची बॅटरी पावसाळ्यापूर्वीच उंचावर बसवून घ्यावी, कारण ऐन रात्री ते धूड हलविणे दोघांचेही काम नव्हे. पूर ओसरल्यावर जाणत्या वायरमनने तपासल्यावाचून ओल्या भिंतीवरच्या बटणास हात लावू नये. पंचनाम्यास तलाठी येण्यापूर्वीच घर धुऊन काढण्याची घाई होते, ती समजण्यासारखी असली तरी प्रत्येक यंत्राचे व त्याच्या मागील बाजूच्या क्रमांकाचे छायाचित्र तत्पूर्वी घ्यावे. खरेदीच्या पावत्यांची छायाचित्रे तर ज्येष्ठ संपण्याआधीच परगावच्या एखाद्या आप्ताकडे पाठवून ठेवावीत.