मज्जातंतूंचे रक्षण आणि प्रतिरक्षा-उपचार

मेंदू व मेरुरज्जू यांतील संदेश लांब तंतूंवाटे वाहतात. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असावे तसे या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकारात शरीराच्या रक्षणार्थ असलेल्या पांढऱ्या पेशीच या वेष्टनावर हल्ला करतात. परिणामी दृष्टी मंदावते, पाय लटपटतात, हातापायांना बधिरता येते.

१८६८ साली पॅरिसमध्ये झां मार्तँ शार्को यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर दीर्घकाळ वेष्टनाच्या हानीवरच अभ्यासकांचा भर राहिला. परंतु १९९८ साली अमेरिकेतील ब्रूस ट्रॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जेथे दाह तीव्र असतो तेथे खुद्द तंतूही मोठ्या संख्येने तुटलेले असतात. वेष्टन काही अंशी पुन्हा तयार होऊ शकते. मेंदूतील तुटलेला तंतू मात्र सहसा सांधला जात नाही. कायमच्या पंगुत्वाचे एक प्रमुख कारण हेच होय.

म्हणून दाह आवरणे म्हणजे तंतू वाचविणे. १९९३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बीटा-इंटरफेरॉन रोगाचे झटके कमी करते. २००४ चे नॅटालिझुमॅब पांढऱ्या पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही; पण त्यामुळे क्वचित मेंदूत विषाणूंचा घातक संसर्ग होतो. २०१७ चे ओक्रेलिझुमॅब बी-पेशींची संख्या घटविते.

ग्लॅटिरामरची कथा वेगळी आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन व द्वोरा टाइटलबाउम यांनी चार ॲमिनो अम्लांपासून एक कृत्रिम पदार्थ बनविला. मायलिनमधील प्रथिनाप्रमाणे तोही प्राण्यांत रोग उत्पन्न करील, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच: त्याने रोगाला आवर घातला. १९९६ साली त्याला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

१९९९ साली जर्मनीतील संशोधकांना आढळले की, दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी मज्जापेशींना जगविणारे एक पोषक प्रथिनही निर्माण करतात. ग्लॅटिरामरने चेतविलेल्या पेशींतही पुढे हे प्रथिन दिसून आले. म्हणजे हल्लेखोरांच्या सैन्यात काही रक्षकही असतात. अर्थात रुग्णाच्या मेंदूत या प्रथिनाने तंतू कितपत वाचतात, हे अद्याप निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही.

आजचे उपचार मेलेला तंतू जिवंत करीत नाहीत. ते उरलेल्यांचे रक्षण करतात. म्हणूनच निदान व उपचार यांत विलंब न होणे, यालाच सर्वाधिक महत्त्व आहे.