मिठाचा हिशेब

तीर्थपुरीच्या बाजारातून आपण तेल आणतो, मीठ आणतो. तेल महाग, म्हणून त्याचा हिशेब घरोघरी होतो. मीठ पडले स्वस्त. त्याचा हिशेब कोण ठेवतो? पण हेच मीठ जास्त झाले तर हृदयाला महाग पडते. म्हणून आज आपण मिठाचा हिशेब करू.

विहिरीवरची मोटर पाइपातून पाणी ढकलते. तसे हृदय नळ्यांतून रक्त ढकलते. मोटरीला विसावा असतो. हृदयाला तो नाही.

खारट खाल्ले की तहान लागते. मीठ ते पाणी अंगात धरून ठेवते. मग नळ्यांतला दाब वाढतो. यालाच रक्तदाब म्हणतात. आपण बीपी म्हणतो. वाढलेल्या दाबाने नळ्या कडक होतात, हृदय थकते. पुढे हृदयविकार होतो, नाहीतर लकवा मारतो. आणि तोवर बहुधा दुखत काहीच नाही! हाच मोठा धोका.

मग मीठ किती खावे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात पाच मोठी माणसे आहेत असे धरू.

एका दिवसाला : ५ × ५ = २५ ग्रॅम
तीस दिवसांना : २५ × ३० = ७५० ग्रॅम

म्हणजे एक किलोचा पुडा महिनाभर वापरून पाव किलो उरला पाहिजे. तुमच्या घरी उरतो का? शेव-फरसाणातले मीठ तर आणखी वेगळेच.

आपली ज्वारीची भाकरी चांगली. वरण चांगले. मेथी, शेपू, चुका चांगले. खोट आहे ती ताटाच्या कडेला. लोणचे, पापड, खारट ठेचा आणि वरून घेतलेले चिमूटभर मीठ! ताटात मीठ वाढू नये. चवीला लिंबू पिळावे, लसूण वाढवावा. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

बाया म्हणतील, "भाजी अळणी झाली तर बोलणी आम्हालाच बसतात." खरं आहे. म्हणून आम्ही म्हणतो, हा धडा घरातल्या पुरुषांनी आधी वाचावा. मीठ एकदम तोडू नका. दर आठवड्याला थोडे थोडे कमी करा. जिभेला सवय होते.

तिशी उलटली की वर्षातून एकदा तरी सरकारी दवाखान्यात बीपी मोजून घ्यावे. गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. छातीत दडपण आले, घाम फुटला, तर "वायू धरला असेल" म्हणून घरी बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

सांगा पाहू :
१. तुमच्या घरी मोठी माणसे किती? महिन्याला मीठ किती पुरावे?
२. आज मिठाचा नवा पुडा फोडला तर त्यावर तारीख लिहा. तो किती दिवस पुरला?